दूध आईचे, जबाबदारी घराची



चातुर्मासाचे दिवस आहेत. घराघरांत तपाची, पच्चक्खाणाची, स्वाध्यायाची चर्चा चालू आहे. याच दिवसांत, १ ते ७ ऑगस्ट या काळात, जगभर स्तनपान सप्ताह पाळला जातो. १ ऑगस्ट १९९० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे अनेक देशांच्या प्रतिनिधींनी स्तनपानाचे रक्षण आणि प्रसार व्हावा म्हणून एक जाहीरनामा स्वीकारला होता. त्याचे स्मरण म्हणून १९९२ पासून हा सप्ताह सुरू झाला. आपल्याकडे हा विषय बाळंतिणीच्या खोलीबाहेर फारसा येत नाही. पुरुष मंडळी तर ‘ते बायकांचे’ म्हणून उठून जातात. आजचा लेख मात्र दोघांसाठी आहे. किंबहुना गल्ल्यावर बसणाऱ्यांनी तो आधी वाचावा, अशी माझी विनंती आहे. ती का, हे सांगण्यासाठी मला माझ्याच घरातील एक जुनी गोष्ट सांगावी लागेल.

घरचाच डबा

चाळीस वर्षांपूर्वी मी लग्न होऊन चाकणला आले. आजचे मोठमोठे कारखाने तेव्हा येथे नव्हते. संग्रामदुर्गाच्या पडक्या तटाजवळचे गाव, कांद्या-बटाट्याचा बाजार, बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यांतून येणारी माणसे आणि पेठेतील आमचे किराणा-भुसाराचे दुकान, एवढेच माझे जग होते. दुकानात गल्ल्याच्या मागे बाळाच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात असलेले एक कॅलेंडर टांगलेले असे. त्यावरचे गोरे, गुटगुटीत बाळ सदा हसत असे. मला दिवस गेले तेव्हा आजेसासूबाईंनी ते कॅलेंडर माझ्या खोलीत आणून लावले. ‘रोज बघत जा, तसेच बाळ होईल,’ असे त्या कौतुकाने म्हणाल्या.

मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी तो रात्रभर रडला. सकाळी भेटीला आलेल्या नात्यातील एका बाईंनी उभ्या-उभ्या निदान केले, ‘हिला दूध पुरत नाही.’ घरात कोणी वाईट नव्हते; सर्वांचा जीव त्या बाळावरच होता. मामंजी दुकानात गेले आणि फळीवरचा एक डबा घेऊन आले. ‘घरचेच दुकान आहे, डब्याला काय तोटा?’ असे म्हणून त्यांनी तो सासूबाईंच्या हाती दिला. बाटलीभर दूध पिऊन बाळ सलग चार तास झोपले. घर निश्चिंत झाले आणि खरे सांगायचे तर मीही निश्चिंत झाले.

दीड महिन्यात माझे दूध आटले. त्या पावसाळ्यात मुलाला दोनदा जुलाब लागले. दुसऱ्या वेळी त्याला पुण्याला दवाखान्यात ठेवावे लागले. सलाईन लावलेला तो इवलासा हात मी आजही विसरलेले नाही. मुलगा वाचला, आज तोच दुकान सांभाळतो. आमच्या घरात पैशा-पैशाचा हिशेब वहीत चढत असे, पण त्या डब्यांची नोंद कोणत्याच वहीत झाली नाही. ना नावे, ना जमा.

गेल्या वर्षी धाकट्या सुनेची प्रसूती झाली. तिसऱ्या रात्री नातू तसाच रडू लागला. सूनबाईंनी माझ्याकडे पाहिले. चाळीस वर्षांपूर्वी मी सासूबाईंकडे ज्या नजरेने पाहिले होते, तीच ती नजर होती. या वेळी कोणी दुकानात गेले नाही. मी तिच्या शेजारी बसून राहिले. त्या रात्री मला जे ठाऊक होते आणि पहिल्या वेळी आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते, तेच आज येथे लिहीत आहे.

मागणी तसा पुरवठा

व्यापाऱ्याच्या घरात ही गोष्ट सर्वांत लवकर समजायला हवी. आईचे दूध वखारीत भरून ठेवलेल्या मालासारखे नसते. बाळ जसजसे ओढते तसतसे ते तयार होते. बाळ चोखू लागले की आईच्या मेंदूतून दोन संप्रेरके स्रवतात. प्रोलॅक्टिन हे पहिले संप्रेरक दूध तयार करवते. रात्री त्याचे प्रमाण अधिक असते. म्हणून ‘आईला झोपू द्या’ अशा मायेपोटी रात्रीचे पाजणे बंद केले, तर उद्याच्या दुधाची मागणीच नोंदवली जात नाही. दुसरे संप्रेरक ऑक्सिटोसिन. ते तयार झालेले दूध बाहेर आणते. आपल्या आजीबाई त्यालाच पान्हा फुटणे म्हणत.

आता वरच्या दुधाची एक बाटली दिली की काय होते ते पाहा. बाळाचे पोट भरते, ते अंगावर कमी ओढते. शरीर समजते की मागणी घटली. दुसऱ्या दिवशी दूध कमी उतरते. ‘बघा, पुरतच नाही,’ म्हणून दुसरी बाटली येते. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले. माझे दूध कमी नव्हते. आम्हीच त्याचे गिऱ्हाईक दुसरीकडे वळवले होते.

पान्ह्याची आणखी एक रीत आहे. अनोळखी माणूस धार काढायला बसला की गाय पान्हा चोरते, हे खेड्यातील पोरालाही ठाऊक असते. बाळंतिणीच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो. टाक्यांच्या वेदना, भीती, अपुरी झोप आणि ‘तुला दूधच नाही’ हा येता-जाता ऐकवलेला शेरा, यांनी तिचाही पान्हा अडतो. बोलणाऱ्याच्या मनात काळजी असते. ऐकणारीच्या अंगावर तिचा परिणाम उलटा होतो.

मग तिसऱ्या रात्री बाळ रडते ते का? नवजात बाळाचे पोट अगदी लहान असते. पहिल्या दिवशी त्याला एका वेळी चमचाभर दूधही पुरते. दूध भरून यायला साधारण दोन ते चार दिवस लागतात. या काळात बाळ दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा मागते. बहुधा हे दूध नसल्याचे लक्षण नसते. बाळ आपली मागणी नोंदवत असते. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत पुन्हा जन्माच्या वजनावर येते.

तेव्हा निदान रडण्यावरून करू नये, लंगोटांवरून करावे. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील, लघवी फिकट असेल आणि वजन चढत असेल, तर दूध पुरते आहे असे निःशंक समजावे. लंगोट कमी ओले होत असतील, बाळ सुस्त पडून राहत असेल, ओढत नसेल, कावीळ वाढत असेल किंवा वजन उतरतच असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पाजताना दुखत असेल तर बाळाची पकड तपासून घ्यावी. केवळ स्तनाग्र नव्हे, तर भोवतालचा काळसर भागही बाळाच्या तोंडात गेला पाहिजे. कित्येकदा ‘दूध नाही’ ही तक्रार एवढ्या दुरुस्तीने मिटते.

पहिला तास, पहिला चीक

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला थोडक्यात असा आहे : जन्मानंतर पहिल्या तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे, पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, आणि त्यानंतर वरच्या अन्नाच्या जोडीने दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक काळ पाजावे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील शंभरपैकी जवळजवळ ८९ प्रसूती रुग्णालयांत झाल्याचे आढळले. पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली बाळे मात्र शंभरात ४२ च्या आसपास होती. आपण दवाखान्यापर्यंत पोहोचलो, पण तो एक तास अजून आपल्या हाती आलेला नाही. बाळाला पुसून, गुंडाळून नातेवाइकांना दाखवण्यात तो निघून जातो. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असली, तरी आई शुद्धीवर असेल आणि कोणी आधार देणारे असेल, तर बाळाला लवकर अंगावर घेता येते. तसे आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावे.

पहिल्या दोन-तीन दिवसांचे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. तो जड असतो, बाळाला पचत नाही, म्हणून पिळून टाकण्याची रीत अनेक घरांत होती. काही ठिकाणी ती अजून आहे. वस्तुतः या चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असतात. बाळाच्या कोऱ्या आतड्याला ती पहिले संरक्षण देतात. नुकत्याच व्यालेल्या गाईचे दूध काही दिवस न घेण्याचा नियम अनेक श्रावक घरांत आजही पाळला जातो. त्या घरांत खरवस होत नाही आणि त्या दिवसांचे दूध वासराच्या वाट्याला जाते. वासराचा चीक वासराला मिळावा हे ज्यांना पटते, त्यांनी आपल्या बाळाचा चीक मोरीत सांडू नये.

घुटीबद्दलही एक शब्द. अनेक समाजांत नवजात बाळाला मधाचे बोट चाटवतात. श्रावकाचारात मध वर्ज्यच आहे. आणि डॉक्टरही एक वर्षापर्यंत मध देऊ नये असे सांगतात, कारण त्यात बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. आपण मधाऐवजी गुळाचे पाणी देतो आणि नियम पाळल्याचे समाधान मानतो. पण बाळाला त्या पाण्याचीही गरज नसते. आईच्या दुधात शंभरातील सुमारे ८८ भाग पाणीच असते. चैत्र-वैशाखाच्या उन्हातही सहा महिन्यांपर्यंत बाळाला वेगळे पाणी लागत नाही.

बाळाचा लाभ, आईचा लाभ

आई ज्या हवेत श्वास घेते, ज्या माणसांत वावरते, त्यांच्यातील जंतूंशी तिचे शरीर लढत असते. त्या लढाईतून तयार झालेली प्रतिकारद्रव्ये तिच्या दुधातून बाळाला मिळतात. म्हणजे चाकणच्या धुळीत आणि गर्दीत राहणाऱ्या आईचे दूध चाकणच्याच बाळासाठी तयार होत असते. कोणत्याही कारखान्यातील भुकटीला हे साधत नाही. जुलाब, न्यूमोनिया, कानाचे संसर्ग यांपासून अंगावर पिणाऱ्या बाळाचे मोठे रक्षण होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखमालेतील अंदाज असा की, जगात स्तनपान जवळजवळ सार्वत्रिक झाले तर दरवर्षी ८ लाख २३ हजार बालमृत्यू आणि स्तनांच्या कर्करोगाने होणारे २० हजार मातांचे मृत्यू टळू शकतील.

या वाक्याचा दुसरा भाग आपण सहसा ऐकत नाही. स्तनपान म्हणजे आईने बाळासाठी केलेला त्याग, असेच आपण बोलतो. त्यात आईचा स्वतःचा लाभही आहे. प्रसूतीनंतर लगेच पाजले की गर्भाशय आकुंचन पावते आणि रक्तस्राव कमी होतो. तीस देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले की, एकूण स्तनपानाच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे आईचा स्तनांच्या कर्करोगाचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो. बीजाशयाचा कर्करोग आणि मधुमेह यांचा धोकाही कमी होतो. दिवसभर बैठे काम आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या मधुमेह, हे ज्या कुटुंबांचे चित्र आहे, त्यांनी हा मुद्दा विशेष ध्यानात घ्यावा. सून अंगावर पाजते तेव्हा ती नातवाइतकेच स्वतःचेही आरोग्य जपत असते. तिचा तो वेळ कामचुकारपणाचा नव्हे.

घराचे काम

दूध आईला येते, पण ते टिकवते घर. पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात. डिंकाचे, अळिवाचे लाडू, खसखशीची खीर, बाळंतशेपा हे सर्व चांगले. पण त्यासोबत वरण-भाजी, दूध-दही आणि वेळेवर गरम जेवण तिला मिळाले पाहिजे. ‘तुमच्यात लसूण खात नाहीत, मग दूध येणार कुठून?’ असे शेजारीण सहज म्हणून जाते. कांद्याच्या बाजाराच्या गावात राहून कांदा-लसूण न खाणाऱ्या आम्हा लोकांना अशी वाक्ये नवीन नाहीत. लसूण नाही म्हणून कोणाचे दूध अडत नाही. दूध वाढवणारा खरा उपाय बाळाचे चोखणे हाच आहे.

शुद्ध शाकाहारी मातेने मात्र एका बाबतीत जागरूक राहावे. तिच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी असेल तर ते दुधातही कमी उतरते. महिनोन्‌महिने केवळ अशा दुधावर राहिलेले बाळ फिकट, मंद होते, शिकलेल्या गोष्टी विसरू लागते, कधी त्याच्या अंगाला कंप सुटतो. हा स्तनपानाचा दोष नव्हे. आईकडे दुर्लक्ष झाल्याचा आहे. म्हणून गर्भारपणातच ब-१२ ची तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांनी सांगितल्यास औषध घ्यावे. हे जीवनसत्त्व सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने आंबवण्याच्या प्रक्रियेतून तयार करतात. कॅप्सूलचे आवरण मात्र जिलेटिनचे असू शकते. म्हणून गोळी किंवा थेंब मागावेत. ड जीवनसत्त्व कोणत्याही आईच्या दुधात कमीच असते. त्याचे थेंब बाळाला पहिले वर्षभर देण्याचा सल्ला बालरोगतज्ज्ञ देतात. मात्रा त्यांनाच विचारावी.

आता तपाविषयी. पर्युषण जवळ आले की पाजणाऱ्या सुनेच्याही मनात अठ्ठाईचा विचार येतो. कधी तो तिचा स्वतःचा असतो, कधी जावेने केली म्हणून आलेला असतो. शरीर बाळाचे दूध सहजासहजी कमी करत नाही. ते आईच्या अंगातून काढून देते. त्यामुळे उपवासाची झीज आधी आईची होते. चौविहार पाळणारी आई सूर्यास्तापासून सकाळपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही आणि त्याच वेळात बाळ तिला तीन-चार वेळा ओढते. तप शक्तीप्रमाणे करावे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्या स्त्रीवर दोन जिवांचे पोषण आहे तिची शक्ती त्या दिवसांत कोठे खर्च होते आहे, हे घरातील ज्येष्ठांनी स्वतःहून ओळखावे. बाळ केवळ अंगावर पीत असेपर्यंत मोठे उपवास पुढे ढकलावेत, रात्री तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवावा आणि काही शंका असल्यास डॉक्टरांना व गुरुभगवंतांना दोघांनाही विचारावे. सुनेला हे सांगण्याचे धैर्य होत नाही. ते सासूने सांगावे लागते. मी माझ्या सुनेला सांगितले, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. ती परवानगी मागायला घाबरत होती.

बाळाच्या बापालाही काम आहे. ढेकर काढणे, लंगोट बदलणे, रात्री पाणी आणून देणे, भेटीला येणाऱ्यांची वर्दळ थोपवणे, ही कामे पुरुषाला शिकता येतात. माझा धाकटा मुलगा शिकला. दुकान दहा मिनिटे उशिरा उघडले, एवढेच.

दुकानाचे काम

माझ्या खोलीतल्या त्या कॅलेंडरसारखी जाहिरात आज कायद्याने करता येत नाही. १९९२ मध्ये बाळाच्या दुधाचे पर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि बालान्न यांच्या उत्पादन, पुरवठा व वितरणावर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. दोन वर्षांखालील बाळांसाठीच्या अशा वस्तूंची जाहिरात करणे, नमुने किंवा भेटवस्तू वाटणे, विक्री वाढावी म्हणून गरोदर स्त्रीशी वा बाळाच्या आईशी संपर्क साधणे आणि कोणतेही आमिष दाखवणे, यांस बंदी आहे. डब्यावर बाळाचे वा बाईचे चित्र चालत नाही. उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. डबा विकणे गुन्हा नाही. तो घ्यायला लावणे हा गुन्हा आहे. आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांची औषधांची आणि किराणा मालाची दुकाने आहेत. फलक, योजना, डब्यासोबत खेळणे, असे काही कोणी घेऊन आले तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

मागच्या पावसाळ्यात नाणेकरवाडीच्या बाजूने एक तरुण बाई दुकानात आली आणि सर्वांत लहान डबा कोणता, असे विचारू लागली. बाळ दोन महिन्यांचे होते. ती एका ठिकाणी पॅकिंगच्या कामाला जात होती आणि दूध कमी झाले म्हणत होती. डबा पुरवून वापरावा म्हणून ती भुकटी सांगितल्याच्या निम्मी घालत होती. त्या बाळाचे पोट पाण्याने भरत होते आणि अंग उपाशी राहत होते. सूनबाईंनी तिला आत बसवले आणि हाताने दूध कसे काढावे ते समजावले. स्वच्छ धुतलेले, उकळलेले स्टीलचे भांडे घ्यावे. काढलेले दूध झाकून साधारण चार तास बाहेर आणि फ्रिज असेल तर एक दिवस ठेवावे. बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजावे. घरी असताना व रात्री अंगावरच घ्यावे. त्या दिवशी तिने डबा घेतलाच. मुलाने तिला प्रमाण नीट वाचून दाखवले. त्यानंतर ती महिन्याला दोन डबे घेत होती तिथे एकच घेऊ लागली. आमचे एक गिऱ्हाईक निम्मे झाले. मुलाला मी एवढेच म्हटले, की हा तोटा आनंदाने सोसायचा असतो.

चाकणच्या पट्ट्यात आपल्यापैकी अनेकांची गोदामे, लहान कारखाने आहेत. तेथे स्त्रिया काम करतात. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये सुधारणा होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा आली. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामावरच्या आईला पाजण्यासाठी रोज दोन जादा सुट्या देण्याची तरतूद तर जुन्या कायद्यातही होती. ज्यांच्याकडे चार-पाच बायकाच कामाला आहेत त्यांच्यापर्यंत हा कायदा पोहोचत नाही. तेथे मालकाची बुद्धीच कायदा असते.

ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी

हे सर्व वाचून एखाद्या भगिनीचे मन खिन्न होईल, याची मला जाणीव आहे. आईला कर्करोगासारख्या आजारावरील औषधे चालू असतात, काही बाळांना जन्मतःच दूध न चालण्याचा विकार असतो, क्वचित खरोखरच दूध अपुरे असते. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने डब्याचे दूध देणे हेच योग्य असते आणि त्या आईला कोणी दोष देऊ नये. अपुऱ्या दिवसांच्या, आईचे दूध न मिळणाऱ्या बाळांसाठी मातृदुग्धपेढ्याही आहेत. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये आपल्याच मुंबईत, शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. पुण्यात ससून रुग्णालयातही अशी पेढी आहे. निरोगी मातांनी दिलेले जादा दूध तपासून, ६२.५ अंश सेल्सियसवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात आणि अतिदक्षता विभागातील इवल्या बाळांना देतात. रक्तदानाची शिबिरे आपला समाज उत्साहाने भरवतो. हे दानही आपल्या माहितीत असावे.

दार उघडे ठेवू या

रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. गडाची दारे नियमाप्रमाणे बंद झाली आणि घरी तान्हे बाळ आहे म्हणून ती गवळण रात्री अवघड कडा उतरून गेली. शिवाजी महाराजांनी तिच्या नावाने बुरूज बांधवला. तिच्याच नावाने आज एसटीच्या स्थानकांवर हिरकणी कक्ष असतात. गडाचा तो नियम रक्षणासाठी होता. आपल्या घराच्या, दुकानाच्या, मंगल कार्यालयाच्या दाराला तसे काही कारण नाही. तरीही लग्नसमारंभात बाळाला पाजायला आई जिन्याखाली कोपरा शोधते आणि गोदामातली बाई दुपारभर ओला पदर सावरत काम करते. त्यांना आपण रोज कडा उतरायला लावतो.

अहिंसा अणुव्रताचे जे पाच अतिचार आपल्याला शिकवतात, त्यांतील शेवटचा अन्नपाननिरोध, म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेल्या जिवाचे अन्नपाणी अडवणे. लहानपणी पाठशाळेत आम्ही तो गोठ्यातील जनावरांच्या संदर्भात शिकलो. तान्ह्या बाळाच्या संदर्भातही तो लागू होतो, हे कळायला मला चाळीस वर्षे आणि एक नातू लागला. टोमण्याने, घाईने, सवलतीच्या डब्याने किंवा न दिलेल्या पंधरा मिनिटांच्या सुटीने, आपणही ते अन्न अडवू शकतो.

म्हणून या पर्युषणाच्या निमित्ताने एक लहानसा संकल्प सुचवते. आपल्या दुकानाच्या, गोदामाच्या किंवा कार्यालयाच्या एका स्वच्छ कोपऱ्यात एक पडदा, टेकून बसण्याजोगी एक खुर्ची आणि पाण्याचा एक तांब्या ठेवावा. खर्च किरकोळ आहे. आमच्या दुकानामागच्या खोलीत, जेथे पूर्वी दुधाच्या डब्यांची खोकी रचलेली असत, तेथे आता अशी खुर्ची आहे. बाजाराच्या दिवशी ती क्वचितच रिकामी असते.